फाकिसोचं शेवटचं वाक्य

आमच्याकडे शाळा मुलींची.
तसा नियम कुणी केला नव्हता,
पण मेंढरं मुलग्यांची होती
आणि मेंढरांना रविवार नसतो.
मादिनेओ सातवी शिकली.
मी त्या सात वर्षांत मालोतीच्या उतारावर
संध्याकाळी खिशातले खडे मोजायचो,
एका खड्याला एक मेंढरू.

आता एकावन्नाव्या वर्षी
लोकर कातरायच्या शेडमागे, बुधवारी आणि शुक्रवारी,
आम्ही नऊ बाप्ये ब्लँकेटं पांघरून गोण्यांवर बसतो.
धरणाचा रस्ता आल्यापासून व्यापारी कागद घेऊन येतात,
वजनाचा आकडा कुठला आणि दराचा कुठला
हे त्यांनाच ठाऊक.
म्हाताऱ्या सेखोबेला गोळ्यांच्या बाटलीवरचं वाचायचंय.
तेबेलोचा नातू मोबाइलवरचे निरोप वाचून दाखवायचे
पैसे घेतो.

शिकवते दिमाकात्सो. तिच्या बापाबरोबर मी गुरं राखली.
ती आधी आदराने ‘न्ताते’ म्हणते
आणि मग चूक दाखवते.
टी म्हणजे खाणीतला टेकू, मी मनात धरलं.
एच म्हणजे दोन टेकू आणि मधे आडवी तुळई.
ओ म्हणजे खालून पाहिलेलं खाणीचं तोंड,
एवढंसं आभाळ.
अशी चटकन ओळखीची झाली सगळी.
एस तेवढा अजून हातातून निसटतो.

बिस्किटांच्या डब्यात बासष्ट पत्रं आहेत.
एकोणीस वर्षं मी सोन्याच्या खाणीत होतो,
मादिनेओ लिहायची,
आणि वसतिगृहात वरच्या बाकड्यावरचा फाकिसो
एका सिगारेटला एक पत्र वाचून द्यायचा.
घसा साफ करायचा आधी, पाद्र्यासारखा.
प्रत्येक पत्राच्या शेवटी यायचं:
‘रात्री तुझ्या बाजूची जागा मी रिकामीच ठेवते.’
दोन किलोमीटर खाली, दगड कडकड बोलायला लागला
की मी त्या जागेवर जाऊन पडायचो.

जूनमध्ये, बाहेर बर्फ भुरभुरत असताना,
पहिलं पत्र मी स्वतः वाचलं.
बोट ठेवून. दीड तास लागला.
‘छपराचा पत्रा उडाला. तीनशे पाठव.
दिनेओला कांजिण्या आल्या. करडी गाय व्याली.
मादिनेओ.’
कागद उलटून पाहिला.
दुसरं काढलं, रॉकेल आणि मक्याचं पीठ.
महिनाभर वाचत होतो, बासष्टच्या बासष्ट.
कशातच नव्हतं.

आधी तिच्यावर चिडलो, मग त्याच्यावर.
पण फाकिसो धुळीने गेला, खोकत खोकत,
खाणीने आम्हाला घरी धाडलं त्याच वर्षी.
आठवून पाहिलं तर
त्याला स्वतःला कधी पत्र आलेलं आठवत नाही.
कुठून आणायचा तो ते वाक्य?
आणि एका सिगारेटला?

दिमाकात्सोने घरचा अभ्यास दिला: एक वाक्य, मनाने लिहून आणा.
मी तेच लिहिलं. दुसरं कुठलं पाठ होतं मला?
मादिनेओने कणसं सोलता सोलता वही ओढली,
एक अक्षर दुरुस्त केलं,
म्हणाली, “हे कुठलं?”
म्हटलं, पुस्तकातलं.
“पुस्तकात असलं काही नसतं,” ती म्हणाली.
मग थोडं थांबून,
“तू तिकडून धाडायचास ती पत्रंही आहेत माझ्याकडे.
वाच की आता.”

मी फाकिसोला प्रत्येक वेळी एवढंच सांगायचो:
लिही, पैसे पाठवतोय. बरा आहे.

तिची पेटी पलंगाखाली आहे.
कुलूप नाही तिला.
शुक्रवारी दिमाकात्सोने विचारलं, न्ताते, आता काय वाचायला घेताय?
मी म्हटलं, लोकरीची पावतीच बरी आहे सध्या.
माझं वाचन अजून कच्चं आहे.